उन्हाळ्याच्या सुट्टीची कैफियत

वार्षिक परीक्षा संपून निकालाची वाट पाहण्याचे दिवस आले, चैत्रपालवी जून झाली आणि वैशाखाची चाहूल लागली, की आपल्या शहरांतून एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातींना ऊत येतो. पोहणे, बुद्धिबळ, वैदिक गणित, वक्तृत्व, हस्ताक्षरसुधारणा, व्यक्तिमत्त्वविकास, एवढेच काय पण संस्कारसुद्धा, ठरावीक मुदतीत आणि ठरावीक शुल्क घेऊन मुलांच्या पदरात टाकण्याचे व वर त्याचा दाखला देण्याचे अभिवचन त्यांत असते. या वर्गांतून जे शिकवले जाते त्याविषयी माझी तक्रार नाही. पोहायला येणे ही उत्तमच गोष्ट आहे, आणि ज्या घरी आईवडील दोघेही दिवसभर नोकरीवर असतात त्या घराला अशा वर्गाचा केवढा आधार वाटतो हेही मी जाणतो. माझा वाद आहे तो या जाहिरातींच्या मुळाशी असलेल्या आणि सुशिक्षित कुटुंबांत आता सिद्धांताची प्रतिष्ठा पावलेल्या एका समजुतीशी. मूल सुट्टीत घरी राहिले, आजोळी गेले, आंबे खात आणि पत्ते कुटत बसले, तर त्याची सुट्टी फुकट गेली, अशी ती समजूत आहे. ती खोटी आहे, आणि तिच्यापायी होणारे मुलांचे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत उमटत नसल्यामुळे अधिकच चिंतेचे आहे.

पूर्वपक्ष मांडायचा तर तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, जुन्या सुट्टीचे गोडवे गाणारे लोक स्वतःच्या बालपणाची ओढ आणि आजच्या मुलांचे हित यांत गल्लत करतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भाजी दुर्मीळ होत असे तेव्हा कुरडया, पापड, सांडगे यांची बेगमी करणे भाग होते. आज कोपऱ्यावरच्या दुकानात ते सारे बारमाही मिळते. वाडे गेले, अंगणे गेली, गच्च्यांना सोसायट्यांनी कुलपे लावली, आणि आजोळ म्हणावे तर आजी-आजोबाच गाव सोडून मुलाच्या सदनिकेत राहावयास आले. शिवाय ज्या उन्हाळ्याची स्तुती पुरुष लेखक करीत आले तो सगळा बायकांच्या कष्टावर उभा होता, हा शेवटचा आक्षेप तर असा आहे की त्याला उत्तर दिल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकारच कोणास पोहोचत नाही. त्याकडे मी यथावकाश येतोच.

सर्व काही विकत मिळते, हे खरे आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’चा प्रचंड पसारा उभा राहिला, घराघरांतून चालत आलेल्या एका कौशल्याला त्यांनी बाजारात मानाचे स्थान मिळवून दिले, याचा कोणालाही अभिमानच वाटावा. परंतु पापड विकत मिळतो म्हणून तो घरी करणे व्यर्थ, हे अनुमान तेव्हाच टिकते जेव्हा त्या सगळ्या खटाटोपाचे फळ म्हणजे केवळ पापड असे आपण धरून चालतो. घरात मूल असेल तर तो हिशेब चुकतो.

कुरडईचेच उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज त्यांचे पाणी बदलायचे, मग ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचे पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून टाकले की पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र दाट चीक उरतो. जितका चीक तितके पाणी मोजून, त्यात मीठ आणि हिंग घालून उकळी आणायची, आणि एकाने चिकाची धार धरली असता दुसऱ्याने तो हाटत राहायचे, कारण क्षणभर हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. ही धार धरणारा हात नऊदहा वर्षांच्या मुलाचा असू शकतो, आणि ‘हळू’, ‘थांब’, ‘आता सोड’ या एवढ्याशा शब्दांवर त्या मुलाचे सारे चित्त जसे एकवटते तसे ते अभ्यासाच्या मेजाशी क्वचितच एकवटत असेल. चीक शिजून चकाकू लागला की वाटीवाटीतून तेल किंवा दूधसाखर घालून तो मुलांच्या हाती यायचा. उरलेला गरम असतानाच सोऱ्यात भरून, ऊन चढण्याच्या आत, खाटेवर अंथरलेल्या जुन्या धुवट लुगड्यावर त्याच्या कुरडया घालायच्या. मग दिवसभर काठी घेऊन कावळे राखायचे. हे राखणीचे काम घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाकडे असे आणि ते खरेखुरे काम असे. राखणदाराला डुलकी लागली तर वाळवण विस्कटत असे, आणि सायंकाळी ते गोळा करताना सर्वांच्या लक्षात येत असे.

मला जे म्हणायचे आहे त्याचे मर्म येथे आहे. त्या एका दिवसापुरते त्या मुलावाचून घराचे अडते. वर्षभर मुलासाठी सगळे राबत असतात. त्याची फी, त्याचा डबा, त्याचा गृहपाठ, त्याचे दुखणेखुपणे यांभोवती घराचे वेळापत्रक फिरत असते, आणि हे सारे प्रेमापोटी घडत असले तरी त्यात मुलाची भूमिका निव्वळ घेणाऱ्याची असते. छंदवर्गातही ती तशीच राहते, किंबहुना पैसे मोजलेले असल्यामुळे अधिकच पक्की होते. आपण या घरात उपयोगी आहोत, आपला वाटा उचलला नाही तर काहीतरी बिघडेल, हा अनुभव मुलाला मिळण्याची संधी उन्हाळ्याने दिली होती, आणि आपण ती बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांच्या मोबदल्यात सोडून दिली.

ही माझ्या पदरची कल्पना नाही. 1937 साली वर्ध्यास गांधीजींनी जी शिक्षणयोजना देशापुढे ठेवली तिचा पायाच हाताने करावयाचे उत्पादक काम हा होता. 1945 साली ताराबाई मोडक समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी खेड्यातल्या मुलांची बालवाडी चालवली, तेव्हा महागड्या उपकरणांऐवजी आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणसाधनांचे स्थान दिले. मादाम माँटेसोरी यांच्या पद्धतीतही एका भांड्यातले दाणे दुसऱ्या भांड्यात न सांडता ओतणे, पुसणे, घड्या घालणे यांना मानाचे स्थान आहे. त्याच पद्धतीच्या नावाने चालणाऱ्या बालवर्गात मुलाला मोठ्या हौसेने पाठवणारे पालक घरातल्या परातीला मात्र त्याला हात लावू देत नाहीत, ही विसंगती त्यांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे.

तथापि माझ्याच बाजूने बोलणाऱ्या काही मंडळींशीही माझा मतभेद आहे. जुन्या सुट्टीचे समर्थन करताना ते तिचे शैक्षणिक लाभ मोजू लागतात. सागरगोट्यांनी हातडोळ्यांचा मेळ साधतो, पत्त्यांनी स्मरणशक्ती वाढते, सूरपारंब्यांनी दंड बळकट होतात, असा ताळेबंद मांडून शेवटी तेही ‘पारंपरिक खेळांचे शिबिर’ भरवतात आणि शुल्क आकारतात. आंब्याच्या आढीत मुलाला पुष्कळ शिकता येते हे मला मान्यच आहे. काळोख्या खोलीत पेंढ्यावर थराथराने मांडलेले आंबे रोज सकाळी खालीवर करायचे, देठाशी नाक नेऊन कोणता आज खायचा आणि कोणता परवापर्यंत थांबेल हे ओळखायचे, डागी निघाला की ताबडतोब बाजूला काढायचा. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फळालाही पिकवतो, हे रसायनशास्त्र तिथे प्रत्यक्ष अनुभवास येते. परंतु मूल आढीपाशी जाते ते वासाने खुळावून. तो आनंद स्वतःच पुरेसा आहे आणि त्याला लाभाच्या खात्यावर चढवण्याची काही एक गरज नाही. ज्याला प्रत्येक सुखाचे प्रयोजन सांगावे लागते ते मूल पुढे निर्हेतुक सुखाला पारखे होते, आणि अशी पारखी झालेली प्रौढ माणसे आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

त्या प्रौढांनाही या सुट्टीची जरुरी आहे. वर्षभर प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरते भेटणारे वडील दुपारच्या वेळी, पंख्याखाली सतरंजीवर बसून, गुलामचोरात चोर ठरतात आणि घरातली सगळी पोरे त्यांच्याभोवती टाळ्या पिटतात, तेव्हा पितापुत्रांत जे काही घडते ते शिबिराच्या समारोपाला पालकांना निमंत्रण देऊन घडत नाही. आणि हे दरवर्षी तसेच घडावे लागते. तेच माठातले वाळा घातलेले पाणी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तीच आंब्याची डाळ आणि तेच पन्हे, कोकणात असाल तर रातांबे फोडून लाल झालेली तीच बोटे; मुलांना नावीन्य लागते असे मानणारे लोक मुले तीच गोष्ट पुनःपुन्हा का ऐकू मागतात याचा विचार करीत नाहीत. जांभळीच्या ज्या फांदीला गेल्या साली हात पुरत नव्हता तिला यंदा पुरला, हे कळण्यासाठी जांभूळ तेच असावे लागते.

आता स्त्रियांच्या कष्टाचा आक्षेप. तो सर्वस्वी सत्य आहे. चीक हाटून खांदे भरून येत ते बायकांचे, पहाटे चारला उठत त्या बायका, आणि घरातले पुरुष कुरडई तळून पानात पडेपर्यंत या व्यवहारापासून अलिप्त असत. मामाच्या गावाचे आपण एवढे कौतुक केले. पण लेकी माहेरी आल्या की त्यांच्या मुलांसह वीसवीस पाने वाढणारी मामी त्याच सुट्टीत स्वतःच्या माहेराला मुकत असे, हे किती भाच्यांच्या ध्यानात आले? अशा उन्हाळ्याचा जसाच्या तसा पुनरुद्धार करा असे कोणी म्हणेल तर मी प्रतिपक्षाच्या बाजूने उभा राहीन. मात्र अन्याय होता तो कामाच्या वाटणीत. कुरडई कमी करा, दहा किलोंच्या जागी एक किलो गहू भिजवा, चीक वडिलांनी हाटावा, आजोबांनी कैऱ्या फोडाव्या, मुलग्यांनी पाने घ्यावी आणि भांडी घासावी, आणि मामीने वैशाखाचे निदान पंधरा दिवस आपल्या आईकडे काढावे. ज्या घरात मुलगा वडिलांना चुलीपाशी घामाघूम झालेले पाहतो त्या घराला समानतेवर वेगळे व्याख्यान ठेवावे लागणार नाही.

मुलांना कामाला जुंपता काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बीड जिल्ह्यातील कुटुंबे हंगाम संपवून उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यांच्या मुलांना घराचे कुलूप उघडून आपल्या अंगणात झोपायला मिळते ते याच दिवसांत, आणि त्यातलाही बराच वेळ पाण्याच्या हंड्यांमागे जातो. या मुलांना काम नको, विसावा हवा आहे, आणि टँकरच्या रांगेतून त्यांची सुटका करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मी बोलतो आहे ते मूल थकले की थांबणाऱ्या आणि मोठ्यांच्या सोबतीने होणाऱ्या कामाविषयी, आणि ज्यांच्या घरी ते टाळणे केवळ सोयीसाठी चालले आहे अशा आपल्यासारख्यांविषयी. अंगण नाही ही सबबही मला पटत नाही. खिडकीच्या जाळीत एक ताट मावते. गच्चीचे कुलूप सोसायटीच्या सभेत अर्ज देऊन उघडता येते. आजी चौथ्या मजल्यावर राहावयास आली असेल तर आजोळही तिच्याबरोबर आलेच आहे, फक्त तिला दुपारभर दूरदर्शनसंचासमोर एकटी बसवू नये.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याहूनही उशिरा. म्हणजे अवधी पुष्कळ आहे. पालकांना माझी विनंती एवढीच आहे की, यंदा एक किलो गहू भिजत घाला, रजा टाकून चीक स्वतः हाटा, शेजारच्या दोन मुलांना राखणीला बोलवा, आणि छंदवर्गाचे शुल्क आधीच भरलेले असेल तर त्या दिवशी मुलाची तिथली हजेरी खुशाल चुकू द्या.