हप्त्याहप्त्याने दिलेली लस

भांडवल एकरकमी दिले काय किंवा हप्त्यांनी दिले काय, बेरीज एकच. फळ मात्र एकच नसते, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. एचआयव्हीच्या लसीवरील संशोधनात हेच तत्त्व निराळ्या रूपाने प्रत्ययास येत आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी सुमारे दोन वर्षांत या लसीच्या चाचण्या सुरू होतील, अशी आशा व्यक्त केली होती. चाळीस वर्षे लोटली, तरी वापरात आणता येईल अशी लस हाती आलेली नाही. हा विषाणू सतत रूप पालटतो आणि त्याचे आवरण शर्करेच्या थराने झाकलेले असते. त्याच्या अनेक रूपांना रोखणारी प्रतिपिंडे घडण्यासाठी लसिकाग्रंथींतील बी पेशींना दीर्घ सराव लागतो. एकाच टोचणीतील प्रथिन मात्र हा सराव रंगात येण्यापूर्वीच विघटित होते.

शेन क्रॉटी, डॅरेल अर्विन आदी अमेरिकी संशोधकांनी ऱ्हिसस माकडांना लसीची मात्रा बारा दिवसांत, चढत्या प्रमाणात, सात वेळा विभागून दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पेशींचा सराव सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिल्याचे आढळले. परंतु सात वेळा टोचून घेण्यास कोण येणार? म्हणून २०२४ मध्ये उंदरांवर दोनच हप्ते योजले गेले: प्रथम एक पंचमांश, आठवड्याने उर्वरित चार पंचमांश. सात हप्त्यांच्या लाभाचा मोठा भाग यातूनही मिळाला. पहिल्या अल्प मात्रेने घडलेली प्रतिपिंडे दुसऱ्या मात्रेतील प्रथिनाला धरून ठेवतात आणि ते लसिकाग्रंथीत शाबूत राहते.

प्राण्यांतील यश म्हणजे माणसांतील यश नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील एका लसीची मोठी चाचणी २०२० मध्ये लाभ न दिसल्याने थांबवावी लागली.

अहिंसा हा ज्यांचा नित्याचार आहे, त्यांना येथे आणखी एक प्रश्न बोचतो. माकडांवरील या अभ्यासांत बारीक सुईने ग्रंथीतील पेशी काढून त्याच जिवंत प्राण्याची प्रगती आठवडोन्‌आठवडे पाहिली गेली. प्रत्येक तपासणीसाठी जीव घ्यावा लागला नाही. वेदना त्यामुळे शून्य झाली असे नाही. उद्या ही लस माणसाच्या जमेस आली, तर त्या खात्यात मुक्या जीवांचे देणेही नोंदलेले असावे, आणि ते कमी करण्याची काळजी संशोधनाच्या पहिल्या पानापासून घेतली जावी.