आजोळची जर्सी

आजोळी भाचरांचे लाड किती होतात, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. मामा पाठीवर घेतो, आजी डब्यातला शेवटचा लाडू हातावर ठेवते. पण आजोळच्या सातबाऱ्यावर भाचरांचं नाव नसतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा, असा कायदा २००५ साली झाला खरा, पण राखीपौर्णिमा आटोपली की हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची पद्धत आमच्या गावात तरी बंद झालेली नाही. मूल वडिलांचं, गाव वडिलांचं, कुलदैवत वडिलांचं. आई म्हणजे फार तर सुट्टीतली जागा!

हे सगळं आठवायला कारण झाली एक फुटबॉलपटू. सरीना बोल्डेन तिचं नाव. १९९६ साली ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात जन्मली, तिथेच वाढली, लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळली. पण देश म्हणून खेळते फिलिपिन्सकडून, कारण तिची आई तिथली. आपल्या भाषेत सांगायचं तर ही पोरगी आजोळकडून खेळते.

तिच्या कारकिर्दीतली एक मोठी रात्र आपल्या पुण्यात उजाडली, हे किती जणींना ठाऊक आहे? २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. करोनामुळे प्रेक्षकांना मज्जाव होता, त्यामुळे गाजावाजा झाला नाही. ३० जानेवारीला बालेवाडीच्या मैदानावर फिलिपिन्सची गाठ चिनी तैपेईशी, म्हणजे तैवानच्या संघाशी पडली. जिंकणारा संघ थेट विश्वचषकात जाणार होता. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. पेनल्टी म्हणजे गोलरक्षक एकटी, समोर चेंडू मारणारी एकटी, बाकीच्या मधल्या रेषेवर हातात हात घालून उभ्या. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅक्डॅनियल हिने समोरच्यांचे चेंडू तर अडवलेच, वर स्वतः पुढे येऊन एक गोलही मारला. शेवटची किक सरीनाची. चेंडू जाळ्यात गेला, ४-३, आणि फिलिपिन्सचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच विश्वचषकात पोचला. पुरुषांच्या संघाला जे कधी जमलं नव्हतं, ते या मुलींनी रिकाम्या स्टेडियममध्ये करून दाखवलं.

पुढचं वर्षदीड वर्ष त्यांचंच होतं. २०२२ च्या जुलैत मनिलात थायलंडला ३-० हरवून त्यांनी आग्नेय आशियाचं विजेतेपद मिळवलं. मग २०२३ चा विश्वचषक. पहिला सामना स्वित्झर्लंडशी, हरल्या. दुसरा २५ जुलैला वेलिंग्टनमध्ये, यजमान न्यूझीलंडशी. चोविसाव्या मिनिटाला सारा एग्गेस्विकने चेंडू आत टाकला आणि सरीनाने उडी मारून डोक्याने तो गोलात घातला. फिलिपिन्सचा विश्वचषकातला पहिला गोल आणि १-० असा पहिला विजय. ही सारा नॉर्वेत जन्मलेली, तिचीही आई फिलिपिनो! पुढच्या सामन्यात त्याच नॉर्वेकडून ०-६ असा सडकून मार खाऊन संघ घरी गेला, ती गोष्ट वेगळी.

आता खरा प्रश्न. त्या विश्वचषकाच्या २३ जणींच्या संघात १८ जणी अमेरिकेत जन्मलेल्या होत्या. मग हा संघ फिलिपिन्सचा म्हणायचा की अमेरिकेचा? फिलिपिन्समध्येही ही कुरबुर आहेच. मनिलातल्या, सेबूतल्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलीने म्हणायचं काय? परदेशातून आलेली मुलगी तिची जागा घेते. मला हा राग खोटा वाटत नाही. तो नुसता हेव्यातून येतो, असं म्हणून तिला गप्प करू नये.

पण या १८ जणी आल्या कुठून, तेही बघायला हवं. फिलिपिन्स हा बाहेर जाऊन कमावणाऱ्यांचा देश. त्यात बायका भरपूर. अमेरिकेतल्या इस्पितळांमध्ये फिलिपिनो नर्सेस कित्येक दशकं रात्रपाळ्या करताहेत, आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये त्या घरकाम करतात, दुसऱ्यांची मुलं सांभाळतात. केरळच्या नर्सेस आपल्याला माहीत आहेत, तसंच. त्या घरी जे पैसे पाठवतात त्यावर देशाचा गाडा चालतो. या बायकांचा पैसा देशाला चालतो, मग त्यांची मुलं का चालू नयेत?

इथे फिलिपिन्सच्या कायद्याचं मला कौतुक वाटतं. त्यांच्या १९३५ च्या राज्यघटनेत वडील फिलिपिनो असले तर मूल आपोआप नागरिक होई, पण फक्त आई फिलिपिनो असेल तर मुलाने सज्ञान झाल्यावर तसं मागावं लागे. म्हणजे बापाचं मूल घरचं आणि आईचं मूल अर्ज करणारं. १९७३ च्या घटनेने हा भेद काढला. आई किंवा वडील, कुणीही एक नागरिक असलं की पुरे. १९८७ च्या घटनेनेही तेच ठेवलं. २००३ साली दुहेरी नागरिकत्वाचा कायदा आला, त्यामुळे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन बसलेल्यांनाही परतीची वाट मोकळी झाली. सरीनाची ती उडी आपण बघितली, पण तिच्याखालची जमीन या कागदांनी तयार केली होती.

हे सगळीकडे असं नाही. २०१८ साली फिलिपिन्सच्या या मुली आशियाई चषक खेळायला जॉर्डनला गेल्या होत्या. त्या जॉर्डनमध्ये बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिच्या मुलांना तिचं नागरिकत्व मिळत नाही, पुरुषाच्या मुलांना मात्र मिळतं. जगात असे दोन डझनांच्या आसपास देश आहेत. आणि आपण फार लांबचे नाही बरं का! परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळायला १९९२ साल उजाडावं लागलं. त्याआधी फक्त वडिलांकडून. इंदिराबाई पंतप्रधान होऊन गेल्या, तरी हा नियम तसाच होता.

दुसरी गोष्ट, जी या चर्चेत कुणी फारशी बोलत नाही. या मुली चांगलं खेळतात ते काही रक्तामुळे नव्हे. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. खेळसुद्धा त्यात आला. मुलींचे संघ निघाले, मैदानं मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यातून बायकांच्या फुटबॉलमध्ये अमेरिका जगात पुढे गेली. फिलिपिन्सने ते तयार पीक कापून आणलं, असं म्हणायला हरकत नाही. ते नांगरट करून घेतलेलं नव्हे. विश्वचषकातल्या विजयामुळे मनिलातल्या शाळकरी मुलीला मैदान मिळालं, तरच हा सौदा फायद्याचा. नाहीतर दर चार वर्षांनी कॅलिफोर्नियात निवड चाचण्या घ्यायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

आपल्याकडे याच्या अगदी उलट. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपलं. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर व्हिसाशिवाय येता-जाता येतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि २००८ पासून सरकारचं धोरण असं, की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. त्यामुळे ज्याला खेळायचंच आहे त्याला दुसरा देश सोडावा लागतो. रायन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या फुटबॉलपटूने २०२५ मध्ये तेच केलं. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, म्हणजे मुंबई त्याचं आजोळच. एखाद्या मुलीने असं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुरुष खेळाडूला इथे क्लबचा करार मिळतो, त्यावर पोट भरतं. बाईने कशाच्या भरवशावर पासपोर्ट सोडायचा?

आणि त्या २०२२ च्या आशियाई चषकात आपलं काय झालं होतं? यजमान आपण. पहिला सामना इराणशी ०-० असा सुटला. २३ जानेवारीला नवी मुंबईत चिनी तैपेईशी सामना होता, पण संघात करोना शिरला, तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि आपल्याला स्पर्धेतूनच बाद ठरवलं. आठवड्याने त्याच तैपेईला हरवून फिलिपिन्स विश्वचषकात गेलं. आपल्या मुली घरच्या मैदानावर होत्या, पण खेळू शकल्या नाहीत, याची हळहळ मला अजून वाटते.

त्यातल्या काही जणी पुन्हा उभ्या राहिल्या. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये यजमानांना २-१ हरवून भारताच्या मुलींनी आशियाई चषकाची जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. परदेशातून आलेली एकही नाही.

त्या आठवड्यात माझी भाची तिच्या मुलीला घेऊन न्यू जर्सीहून आली होती. पोरगी बारा वर्षांची, शाळेच्या संघात खेळते. मराठी समजतं, बोलताना अडखळते. संगीताचे गोल तिने माझ्या मोबाइलवर तीनदा बघितले आणि विचारलं, "आजी, मी यांच्याकडून खेळू शकते?"

भाचीने समजावलं. अठरा झाल्यावर अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं, ओसीआय कार्ड पाच वर्षांचं जुनं हवं, वर्षभर इथे राहायचं, मग अर्ज. पोरगी म्हणाली, "पण तू तर इंडियन आहेस ना?" भाची म्हणाली, "होते." तिने स्वतः चार वर्षांपूर्वी तिकडचा पासपोर्ट घेतला, नोकरीसाठी. हे पोरीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.