विश्लेषण : शाळा वादात सापडली की प्रवेश घटतात का?

‘त्या शाळेत काहीतरी झालंय म्हणे...’ दिवाळीच्या आसपास नर्सरी प्रवेशाच्या चौकशा सुरू झाल्या की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एखादा संदेश येतो. मग फणसवाडीपासून परळपर्यंतच्या पालकांसमोर एकच प्रश्न उभा राहतो : अर्ज भरायचा की नाही? वादामुळे शाळेचे प्रवेश खरेच घटतात का आणि घटले तर शाळा सुधारते का, हे समजून घेण्यासाठी गिरगावातल्याच एका जुन्या शाळेपासून सुरुवात करता येते.

गिरगावातील जुने प्रकरण काय?

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. पुढे ती ‘जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पारशी आणि हिंदू घरांतील मुले तेथे शिकत होती. मे १८३९ मध्ये या संस्थेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मुंबईत खळबळ उडाली. तरुणांना परत मिळवण्यासाठी पारशी समाज न्यायालयात गेला. ते आपल्या इच्छेने विल्सन यांच्याकडे राहिले. संतापलेल्या पालकांनी मात्र आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि पट एकदम घसरला.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाच्या धर्मांतराने पुन्हा वादळ उठले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला ज्ञातीत परत घ्यावे यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून हिंदू समाजातच दोन तट पडले.

त्या वादाचा फटका इतरांनाही बसला का?

बसला. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी होते. तेथे धर्मशिक्षण दिले जात नव्हते. बॅरिस्टर होण्यासाठी त्यांना इंग्लंडला पाठवण्याचा प्रस्ताव सर अर्स्किन पेरी यांनी मांडला आणि निम्मा खर्च उचलण्याचीही तयारी दाखवली. पण विलायतेत मुलगा ख्रिस्ती होईल, या धास्तीने समाजातील वडीलधाऱ्यांनी तो बेत हाणून पाडला. वाद एका संस्थेतला होता, पण संशय सगळ्याच इंग्रजी शिक्षणावर पसरला.

विल्सन यांची संस्था मात्र बंद पडली नाही. मुंबईत इंग्रजी शिक्षणाला मागणी वाढत होती आणि ते देणाऱ्या संस्था मोजक्या होत्या. त्याच संस्थेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. चौपाटीसमोरची त्याची इमारत १८८९ ची आहे.

आज प्रवेशांवर परिणाम किती होतो?

याचा एक ठोस अभ्यास अमेरिकेत झाला आहे. मायकेल लुका, पॅट्रिक रूनी आणि जोनाथन स्मिथ यांनी तेथील १०० आघाडीच्या विद्यापीठांतील २००१ ते २०१३ या काळातील गैरप्रकारांची प्रकरणे तपासली. एखाद्या प्रकरणावर नियतकालिकात सविस्तर लेख आला, तर पुढच्या वर्षी अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. प्रसिद्ध क्रमवारीत १० स्थाने खाली गेल्यावर जेवढा फटका बसतो, तेवढाच हा होता. ज्या प्रकरणांना फारशी प्रसिद्धी मिळाली नाही, त्यांचा असा परिणाम दिसला नाही.

घटले ते अर्ज, जागा नव्हेत. ज्या शाळेत एका जागेसाठी अनेक अर्ज येतात, तिथे थोडे अर्ज कमी झाले तरी वर्ग भरतोच, फक्त प्रतीक्षा यादी आखूड होते. खरा फटका बसतो तो आधीच विद्यार्थी शोधत फिरणाऱ्या लहान, कमी शुल्काच्या शाळेला. म्हणजे चूक सारखीच असली तरी बडी शाळा तरून जाते आणि छोटी शाळा बुडते. पटसंख्येवरून कोण किती दोषी, हे ठरवता येत नाही.

गिरगावातील मराठी शाळांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांचा पट कुठल्या घोटाळ्याने घसरला नाही. चाळीतील कुटुंबे उपनगरांत गेली, उरलेल्यांनी इंग्रजी माध्यम निवडले आणि वर्ग रिकामे होत गेले. पट घसरला म्हणजे शाळा वाईट, असे म्हणता येत नाही, तसेच पट टिकला म्हणजे शाळा चांगली, असेही नाही.

आतले पालक मूल का काढत नाहीत?

कारण त्यांना तसा मार्गच फारसा नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकाने दाखला तातडीने देणे बंधनकारक आहे. पण हा हक्क सरकारी व अनुदानित शाळेत जाण्यापुरताच आहे. दुसऱ्या विनाअनुदानित खासगी शाळेने मधल्या वर्गात जागा द्यावी, अशी सक्ती त्यात नाही. शिवाय भरलेले शुल्क, बोर्डातील फरक, त्याच शाळेत शिकणारे भावंड आणि तोंडावर आलेली दहावी हेही असते. त्यामुळे नवा पालक दुसरीकडे वळतो, जुना मात्र रागावूनही तिथेच राहतो. त्याचा राग शाळेच्या पटावर कुठेही उमटत नाही.

शाळेचे नाव का छापले जात नाही?

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित मुलाची ओळख पटेल असा तपशील माध्यमांना देता येत नाही. त्यात मुलाच्या शाळेचाही समावेश आहे. ही तरतूद योग्यच आहे, कारण शाळेचे नाव कळले की वर्ग कळतो आणि मग मूलही ओळखू येते. पण बातमीत ‘मुंबईतील एक नामांकित शाळा’ एवढेच येते आणि बाकीचे काम अफवा करतात. जिचा काहीच संबंध नाही, अशा शाळेच्या फाटकावरही पालक जाब विचारायला उभे राहतात. १८३९ नंतर संशय जसा शेजारच्या संस्थेपर्यंत गेला, तसाच तो आजही जातो. फरक एवढाच की आता तो काही मिनिटांत पोहोचतो.

बदलापूरने काय दाखवले?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि लोकल सेवा अनेक तास ठप्प झाली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबावरून पोलिसांवर ताशेरे ओढले गेले आणि घटनेची माहिती न दिल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा घटनेची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही भीती कायद्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरू शकते. बदनामीच्या धाकाने शाळा सुधारेल ही अपेक्षा इथेच फसते. धाक जितका मोठा, तितका तक्रार दाबण्याचा मोह मोठा.

या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य सरकारने निर्णय काढून सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना बजावले. पण आपल्या मुलाच्या शाळेत यातले काय प्रत्यक्षात आहे, हे पालकाला घरबसल्या कळण्याची सोय नाही.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी काय पाहावे?

शाळेला मान्यता आहे का, हे सर्वात आधी. यू-डायस क्रमांक आणि बोर्डाची संलग्नता विचारावी आणि महापालिका जाहीर करते ती अनधिकृत शाळांची यादी पाहावी. तक्रार निवारणासाठी नेमके कोण आहे, शिपाई, बसचालक आणि मदतनीसांची पडताळणी झाली आहे का, स्वच्छतागृहांजवळ महिला कर्मचारी असतात का, हे प्रश्न थेट विचारावेत. शुल्काबाबत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी आहे का, हेही विचारता येते. शाळा वादात सापडली असेल, तर ‘काय झाले?’ इतकेच ‘त्यानंतर काय बदलले?’ हेही महत्त्वाचे. या प्रश्नाला तारीखवार उत्तर देणारी शाळा, आमच्याकडे कधीच काही घडले नाही म्हणणाऱ्या शाळेपेक्षा अधिक विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

मग काय बदलायला हवे?

शाळेला शिक्षा देण्याचे काम प्रवेशाच्या रांगेवर सोडता येणार नाही. ती रांग बड्या शाळेला सोडून देते, छोटीला चिरडते आणि आत अडकलेल्या मुलांना काहीच देत नाही. हे काम शिक्षण विभागाचे आणि महापालिकेचे आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेची सुरक्षा तपासणी कधी झाली, कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्या दूर झाल्या का, हे शाळानिहाय जाहीर व्हायला हवे. त्यात कुठल्याही मुलाचे नाव किंवा घटनेचा तपशील येण्याची गरज नाही. सर्वच शाळांची माहिती एकत्र येणार असल्याने कलम २३ चाही भंग होणार नाही. गंभीर प्रकरणानंतर आतल्या पालकांना मधल्या वर्गात शाळा बदलायची असेल, तर खासगी शाळांतील रिक्त जागांची यादी विभागाने द्यावी. स्वतःहून घटना कळवणाऱ्या शाळेला आणि दडवणाऱ्या शाळेला एकाच मापाने मोजणेही थांबायला हवे.

हे झाले, तर फणसवाडीतला पालक अर्ज भरण्यापूर्वी ग्रुपवरचा संदेश बाजूला ठेवून तपासणीचा अहवाल उघडू शकेल. आज तो फोनवर सापडत नाही. शोधला तर सापडतात शाळेचे माहितीपत्रक आणि अफवा.