भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी



गेल्या खेपेला पावसाळ्यात डाळी आणि मसाले कसे सांभाळायचे ते लिहिलं, त्यावर नेरळहून एका भगिनींचं पत्र आलं. त्या लिहितात, "डाळींचं कळलं. पण आमच्या माळ्यावर एक जुना संगणक आहे, एक टेपरेकॉर्डर आहे आणि एक रेडिओ आहे. त्यांचं काय करू? घरातले म्हणतात, देऊन टाक भंगारात." पत्र वाचून आधी हसू आलं, कारण अगदी हेच भांडण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी झालं होतं. तेव्हा आज स्वयंपाकघराला सुट्टी देऊन माळ्यावर चढू या.

आमचा संगणक मामंजींचा. खालापूर तालुक्यात शिक्षकी करून ते निवृत्त झाले आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांमध्ये बसून एमएस-सीआयटी शिकले. २००४ साली फंडाच्या पैशातून त्यांनी संगणक घेतला आणि रोज संध्याकाळी त्यावर एकच काम केलं. सासूबाईंना येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या टाईप केल्या. त्या कांदे निवडत सांगायच्या आणि हे एकेका बोटाने बडवायचे. मामंजी गेले, संगणक माळ्यावर गेला. आता आईंची आठवण कमी झाली आहे. ओवीची पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. "पुढचं तुझ्या मामंजींच्या त्या डब्यात आहे," असं म्हणून पदर तोंडाला लावतात.

भंगारवाल्याने डब्याचे तीनशे रुपये सांगितले. आमचे हे तयार होते. मी म्हटलं, डब्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय डबा द्यायचा नाही.

आता पहिली गोष्ट नीट ऐका. माळ्यावरून काढलेली विजेची वस्तू लगेच प्लगला लावायची नाही. आपल्या कर्जत-खालापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंतींना घाम फुटतो, चपलांना बुरशी येते, तर त्या डब्याच्या आतल्या तारा कशा कोरड्या राहतील? ओल असताना वीज सोडली की जे काही जिवंत असेल तेही जळतं. मी संगणक दिवाळीनंतर खाली काढला आणि वाऱ्याच्या खोलीत आठ दिवस नुसता ठेवला. मग बाजूचा पत्रा उघडला. आत काय होतं म्हणता? धुळीचं जाजम, मुंग्यांचं वारूळ आणि पालीची दोन अंडी! रंगाचा मऊ ब्रश घेतला, आधी हात लोखंडी खिडकीला लावला (अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून) आणि हलक्या हाताने सगळं झाडलं. ओलं फडकं अजिबात नाही, बरं का.

रॅमची पट्टी म्हणून एक असते, अरुंद आणि लांबट. तिची पिवळी दातरी काळवंडली की संगणक नुसता बीप-बीप करतो आणि पडदा काळाच राहतो. लोकांना वाटतं, मेला. औषध काय, तर शाळेतलं खोडरबर! पट्टी काढायची, पिवळ्या कडेवर खोडरबर हलकेच फिरवायचं, भुगा झटकायचा आणि खट्ट आवाज येईस्तोवर परत बसवायची. हा उपाय मी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून शिकले. आमच्या शाळेतले दोन संगणक त्यानेच उठून बसले.

आणखी एक नजरेने ओळखायची खूण. आतल्या मोठ्या हिरव्या पाटावर छोटी छोटी उभी नळकांडी असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचं डोकं सपाट हवं. पुरीसारखं फुगलं असेल किंवा तपकिरी चीक आला असेल तर तिथेच थांबा. २००० सालानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या संगणकांत हा दोष सर्रास निघाला, कारण तेव्हा बाजारात हलक्या प्रतीचे कपॅसिटर फार आले होते. काम थोड्या पैशांचं आहे, पण डाग देणाऱ्याचं, आपलं नव्हे. तसंच विजेचा जो चौकोनी डबा मागे असतो तो, आणि जुना पोटाळ मॉनिटर किंवा टीव्ही, यांचे स्क्रू कोणत्याही परिस्थितीत काढायचे नाहीत. मॉनिटरच्या काचेच्या नळीत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत दबा धरून बसतात. इथे धाडस नको.

पहिल्यांदा वीज सोडायची ती मी काकांकडूनच सोडवली. त्यांच्याकडे लाकडी फळीवर एक साधा पिवळा बल्ब आणि सॉकेट असतं. त्याला ते सिरीजचा बोर्ड म्हणतात. वस्तूला वीज जाते ती त्या बल्बातून. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आत ठीक आहे. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण वस्तू जळत नाही, कारण सगळा जोर बल्ब घेतो. किती साधी युक्ती! आमचा बल्ब चमकला, मंद झाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली, आणि आपल्या डोंगरातल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आपल्याकडे मात्र आजही ढग गडगडला की दिवा मिचमिचतो. म्हणून पावसात जुनं यंत्र यूपीएसशिवाय चालवू नका आणि वादळात प्लगच काढून ठेवा.

संगणक सुरू झाला, पण तारीख दाखवली २००२ सालची. घाबरायचं नाही. आत नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. घड्याळ तोच चालवतो. तो संपला की यंत्र काळ विसरतं. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि पाव किलो भाजीच्या पैशात येतो.

मग मामंजींची फाईल उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी! आईंना बोलावलं. त्या चष्मा पुसत पुसत आल्या. मी घाईघाईने फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह संगणकाला दिसेचना. मोठे पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने आखलेले येतात ती पद्धत विंडोज एक्सपीला मुळात ठाऊकच नाही. मुलाचा १६ जीबीचा लावला तो दिसला. आणि ती फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर काय? इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, सगळी काला झालेली. एकही मराठी अक्षर नाही. मला तर रडूच कोसळलं.

यातलं मर्म मला नंतर कळलं. पूर्वी मराठीचे फॉन्ट असे बनवत, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. यंत्राला वाटे आपण इंग्रजीच लिहितोय. मराठी दिसे ते फक्त त्या फॉन्टमुळे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या चित्रांच्या जागा निराळ्या. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या कायमच्या जागा १९९१ सालीच मिळाल्या होत्या आणि विंडोज २०००पासून त्या घरच्या संगणकातही आल्या. पण छापखान्यांतून आणि घरांतून जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. तुमच्या आमच्या माळ्यांवर अशा लग्नपत्रिका, कुळाचार, पाककृती आणि दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या कथा किती पडल्या असतील! काही सॉफ्टवेअरला तर डोंगल नावाचं कुलूप असे, प्रिंटरच्या जुन्या रुंद भोकात घालायचं. ते भोकच नव्या लॅपटॉपला नाही. म्हणजे तो मजकूर वाचायला तोच संगणक हवा.

तेव्हा जुना संगणक चालू असतानाच तीन कामं उरकायची. पहिलं म्हणजे सगळं छापून घ्यायचं. प्रिंटर नसेल तर पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल. कागदाला फॉन्ट लागत नाही. दुसरं, फायलींबरोबर त्या फॉन्टची फाईलही उचलायची. ती विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असते. नव्या यंत्रात तोच फॉन्ट घातला की बहुतेक वेळा मराठी परत दिसतं. तिसरं काम वेळखाऊ आहे. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी कनव्हर्टर मिळतात, त्यातून तो काढायचा आणि ओळ न् ओळ तपासायची. पहिली वेलांटी आणि रफार इथे हमखास घात होतो. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो पण बोलतो नंतर. जुन्या फॉन्टात ती दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे आधी साठवलेली असते, आणि युनिकोडमध्ये नंतर. अदलाबदलीत ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफाराचंही तसंच.

हे तपासण्याचं काम मी संध्याकाळी आईंजवळ बसून करते. एकूण दोनशे चौदा ओव्या निघाल्या. मी पडद्यावरची चुकीची ओळ मुद्दाम तशीच मोठ्याने वाचते. आई चटकन म्हणतात, "असं नाही गं!" आणि बरोबर ओळ सांगतात. गंमत पाहा, नुसतं विचारलं तर त्यांना आठवत नाही, पण चूक कानावर पडली की आठवतं. एका ओवीला तर त्या म्हणाल्या, "हे त्यांनी स्वतःचं घातलंय, आमच्याकडे असं नव्हतं." वीस वर्षांनी मामंजींची चोरी पकडली गेली! मी दोन्ही पाठ ठेवले आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. आमच्या घरच्या दोनशे चौदा त्यांच्यापुढे मूठभर.

संगणक मुळीच सुरू झाला नाही तर? तरी हार्ड डिस्क जिवंत असू शकते. ती बाहेर काढून यूएसबीला जोडायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. मात्र तुमची डिस्क रुंद चपट्या पट्टीची, चाळीस टाचण्यांची आहे की नव्या सॅटा पद्धतीची, ते पाहूनच घ्या. डिस्क टकटक वाजू लागली तर ताबडतोब बंद करून जाणत्याकडे न्या. सुटे भाग आपल्याकडे मिळाले नाहीत तर कर्जतकरणींनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं आणि लॅमिंग्टन रोड गाठावा. खोपोलीकरणींना घाट चढून पुण्याला पसोड्या विठोबापाशी बुधवार पेठेत जाणं सोयीचं.

एक पथ्य मात्र कडक पाळा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. असला संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, आणि त्यावरून बँकेचं काम तर स्वप्नातही नाही. पेन ड्राइव्ह त्यातून काढला की नव्या यंत्रावर आधी व्हायरससाठी तपासायचा.

आता ज्यांचा संगणक अजून माळ्यावर गेला नाही त्यांच्यासाठी. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे पुष्कळ घरांतली धडधाकट यंत्रं एकदम म्हातारी ठरली. दुकानदार नवीन घ्या म्हणणारच, त्याचं पोट आहे. पण आत एसएसडी बसवून लिनक्स घातलं तर मुलांचा अभ्यास, पत्रं, हिशेब सगळं होतं आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात. शिकायला भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे धडे मराठीतसुद्धा आहेत, तेही फुकट. मी त्यांवरच शिकले.

टेपरेकॉर्डरचं थोडक्यात सांगते. कॅसेट आत घालण्यापूर्वी खिडकीतून पाहा, फितीवर पांढरी बुरशी असेल तर लावू नका. ती हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट नासवते. आवाज घोगरा आला तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा. चाकं फिरत नसतील तर आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झालेला असतो. तो बदलून मिळतो. रेडिओ व्हॉल्व्हचा असेल तर प्लगला हातही लावू नका, थेट सिरीज बोर्डवाल्याकडे न्या.

आणि खरंच काही उपयोगाचं उरलं नाही तर? आधी हार्ड डिस्क काढून घ्या, तिच्यात तुमचे फोटो आणि खात्यांचे आकडे असतात. मग वस्तू ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे, तेव्हा त्यांना फोन करून विचारायला संकोच नको. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की तो धूर कुणाच्या तरी पोराच्याच छातीत जातो.

नेरळच्या ताई, तुम्ही रेडिओ आणि टेप दोन्ही खाली काढा, आठ दिवस वाऱ्यावर ठेवा आणि संगणकाची आतली नळकांडी पाहून मला कळवा. आमचा डबा आता हॉलच्या कोपऱ्यात आहे. त्यावर प्लास्टिक नाही, आतल्या आत ओल धरते. मामंजींचं जुनं धोतर दुहेरी करून घातलंय. पावसाळ्यात दर गुरुवारी तासभर चालू ठेवते, त्याच्याच ऊबेने आतला दमटपणा जातो. अजून साठेक ओव्या तपासायच्या राहिल्यात. दळणाच्या संपल्या, आता लेकीला सासरी धाडायच्या सुरू आहेत, आणि तिथे आई जरा हळू जातात.