चेंडू देणाऱ्याचे कार्ड

छंदाला भाव चिकटला की त्याचा व्यापार होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत खेळाडूंची कार्डे जमविणारे मायकेल जॉर्डनच्या १९८६ सालच्या फ्लिअर कार्डासाठी हजारो डॉलर मोजतात. पण मित्रहो, १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जॉर्जटाउनला ६३-६२ असे हरवून बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, तेव्हा जॉर्डनने निर्णायक बास्केट केली ती जिमी ब्लॅकच्या पासवर! जॉर्डन जगप्रसिद्ध झाला; ब्लॅकचे कार्ड कोण शोधतो? मी संग्रह केला, तर ब्लॅकला जॉर्डनशेजारीच जागा देईन. महाविद्यालयाच्या माजी खेळाडूंची कार्डे जमवायची, तर ती साऱ्या संघाची जमवावीत. संघ जिंकतो तो अकेल्यादुकेल्याच्या बळावर नव्हे.