रांगेत नसलेले गिऱ्हाईक

'माल संपला' ही पाटी दुकानदाराच्या तोट्याची की फायद्याची? १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत अॅमेझॉनने किंडल हे पुस्तके वाचण्याचे यंत्र ३९९ डॉलरना विकायला काढले. साडेपाच तासांत सारी यंत्रे खपली. पुन्हा माल आला तो एप्रिल २००८ च्या अखेरीस. मधल्या काळात 'साडेपाच तास' हा आकडा जगभर गाजला. यंत्रे किती होती, हे मात्र कंपनीने सांगितलेच नाही. भांडे लवकर रिकामे झाले, एवढ्यावरून पंगत किती मोठी होती ते कसे कळणार?

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे रांगेवर माझा चटकन विश्वास बसत नाही. १९८६ च्या सुमारास मी गडचिरोलीत होतो. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. मंजूर झालेली पण कोणी न उचललेली स्कूटरकर्जे माझ्या टेबलावर पडून असत, कारण स्कूटरच मिळत नसे. धानोऱ्याचे एक गुरुजी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन विचारून जात. बजाज चेतकसाठी लोक अनामत भरून वर्षानुवर्षे थांबत. पण एकाच घरातून बाप, मुलगा, भाचा अशा तीन नावांनी नोंदणी व्हायची. गाडी हवी असायची एकच. पुढे बजाजचा वाळूजचा कारखाना चालू लागला, कायनेटिक होंडाही बाजारात आली, आणि रांग आटली. नंबर लागल्यावर गुरुजी म्हणाले, "साहेब, आता नको."

किंडलची रांग मात्र पुरती पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २००८ मध्ये ऑप्रा विन्फ्रेने आपल्या कार्यक्रमात त्याची तारीफ केली आणि ऐन नाताळात माल पुन्हा संपला. सोनीचे वाचनयंत्र २००६ पासून दुकानांत होते. तरी पुष्कळ लोक थांबले, कारण किंडलवर पुस्तक बिनतारी, बसल्या जागी येत असे. फेब्रुवारी २००९ मध्ये नवे किंडल आले, ते आधी या थांबलेल्यांना मिळाले. पर्याय तोलामोलाचा नसेल तरच टंचाई गिऱ्हाइकाला धरून ठेवते. नाहीतर ते शेजारच्या दुकानात जाते.

आपल्याकडे ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल क्रोमाच्या दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागले. ही दुकाने मोठ्या शहरांतली. त्यावर मराठी पुस्तकांचे दालन उघडले डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे चार वर्षे यंत्र होते आणि मराठी वाचकासाठी त्यात वाचण्यासारखे फारसे काही नव्हते. या टंचाईची बातमी कुठे आली नाही. आरमोरी-चामोर्शीच्या वाचकाने यंत्र मागितले नाही, तर विक्रीच्या हिशेबात त्याचा अर्थ 'मागणी नाही' एवढाच. माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलाचा विचार तर त्या हिशेबात शिरतच नाही.

आमच्या रजिस्टरातही अर्ज केलेल्यांचीच नावे असत. पायरीपर्यंत येऊन परत फिरलेल्यांसाठी रकाना नव्हता.