हरणाऱ्याच्या मागोमाग

मैत्रिणींनो, या वेळी गोल्फवर लिहिणार आहे म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. "तू आणि गोल्फ? पुढच्या आठवड्यात कुस्तीवर लिही," इति आमचे हे. आता त्यांचंही खरंच आहे म्हणा. गोल्फ म्हणजे आपल्याला उंच कुंपणाआडची हिरवळ, एवढंच ठाऊक. नाशिककरांच्या तोंडी 'गोल्फ क्लब' आहे खरा, पण त्या मैदानावर खेळतात ते क्रिकेट! तेव्हा खेळातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण खेळ बघायला जाणाऱ्या माणसांविषयी इतकं काही ऐकलं, वाचलं, की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

खेळ थोडक्यात असा. छोटा पांढरा चेंडू, हातात काठी, आणि लांबवर जमिनीत एक खळगा. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे झाले की एक दिवस संपला. मोठ्या स्पर्धा गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांच्या असतात. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, त्याला 'कट' म्हणतात. आणि यातली खरी गंमत म्हणजे प्रेक्षक एका जागी बसून राहत नाहीत. आपला आवडता खेळाडू पुढे निघाला की दोरीच्या अलीकडून तेही त्याच्याबरोबर निघतात. चढ-उतार, ऊन-पाऊस, चार-पाच तास नुसती पायपीट. वारीची उपमा देणं अतिच होईल. पण दिंडीत चालणाऱ्या बाईला हे वेड नक्की समजेल.

माझी धाकटी नणंद अमेरिकेत अटलांटाला असते. तिथून अडीच-एक तासांवर ऑगस्टा गाव आहे आणि तिथे दर एप्रिलमध्ये 'मास्टर्स' नावाची स्पर्धा होते. १९३४ पासूनची. हिची तिकिटं दुकानात मिळत नाहीत. आधीच्या वर्षी अर्ज करायचा आणि नशीब काढायचं. २०२५ साली नणंदेच्या नवऱ्याला बुधवारची, म्हणजे सरावाच्या दिवसाची तिकिटं लागली. मी म्हटलं, चला, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस पडणार! पण छे. आत मोबाइल नेऊच देत नाहीत. भलाभला असो, फोन बाहेर. त्यामुळे रविवारी तिनं तासभर तोंडी वर्णन केलं, आणि खरं सांगते, शंभर फोटोंपेक्षा ते मला जास्त दिसलं.

पहिली गोष्ट खुर्च्यांची. सकाळी जाऊन आपली घडीची खुर्ची हव्या त्या जागी मांडायची आणि खुशाल फिरायला जायचं. तीन तासांनी परत या, खुर्ची तिथेच. तुम्ही नसताना कुणी टेकलं असलं तरी तुम्ही आलात की मुकाट्यानं उठतं. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे ऐकून गहिवरूनच यावं! धावायचं नाही, हाही तिथला नियम. सकाळी दारं उघडली की मोठाली माणसं पुढची जागा धरायला न धावता, पण जमेल तितक्या भराभर चालत सुटतात, ते दृश्य फार विनोदी दिसतं म्हणे.

दुसरी गोष्ट खाण्याची. तिथलं 'पिमेंटो चीज' सँडविच प्रसिद्ध आहे, हिरव्या वेष्टनात गुंडाळलेलं, आणि किंमत अवघी दीड डॉलर. आत असतं किसलेलं चीज, मेयॉनीज आणि लाल गोड मिरची. मी घरी करून पाहिलं. लाल सिमला मिरची वांग्यासारखी गॅसवर भाजायची, साल काढून बारीक चिरायची आणि चाळणीत चांगली निथळू द्यायची. नाहीतर ब्रेड ओला होऊन गोळा होतो. मेयॉनीजऐवजी मी घट्ट चक्का घातला, वर मिरपूड. मीठ चव बघूनच घाला, चीजमध्ये असतंच. डब्याला छान आहे.

पण नणंदेच्या मनात राहिलं ते वेगळंच. ती म्हणाली, "वहिनी, तरुण खेळाडूंमागे गर्दी होती ती होतीच. पण एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सावकाश चालले होते, त्यांच्याही मागे शंभर-दीडशे माणसं चालत होती. ते काही आता जिंकायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत. मला तर आईची आठवण झाली."

त्या एका वाक्यानं मी या विषयाच्या मागे लागले.

या स्पर्धेचा नियम असा आहे, की जो एकदा जिंकला त्याला जन्मभर खेळायचं आमंत्रण. विजेत्याला हिरवा कोट मिळतो आणि त्याबरोबर हा मान. त्यामुळे विशी-पंचविशीतल्या पोरांबरोबर साठीतले गृहस्थही मैदानात दिसतात. आणि त्यांच्यामागे चालणाऱ्यांत सगळ्यांत गाजलेली ती अर्नोल्ड पामर यांची 'फौज'. पामर म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या लट्रोब गावचे. वडील तिथल्या गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखायचे. १९५८ साली पामर मास्टर्स पहिल्यांदा जिंकले, पुढे १९६०, ६२ आणि ६४ ला. त्या सुरुवातीच्या दिवसांत ऑगस्टाजवळच्या लष्करी छावणीतल्या शिपायांना गणवेशात आलं की फुकट प्रवेश असे. ते या धट्ट्याकट्ट्या, हसऱ्या माणसाच्या मागे लागले आणि 'आर्नीची फौज' हे नाव पडलं ते पडलंच. शिपाई गेले, पण फौज वाढत राहिली. पामर गर्दीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघून हसायचे, आणि सही करायचे ती वाचता येईल अशी. (आमच्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकांवरच्या सह्या आठवून मला याचं विशेष वाटलं.)

२००४ साली पामर ओळीनं पन्नासावी मास्टर्स खेळले. वय ७४. दोन्ही दिवस ८४-८४ फटके. म्हणजे स्पर्धेच्या हिशेबानं अगदी तळाला. तरी फौज छत्तीसच्या छत्तीस खळगे मागे चालली. आता यात बघण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्यातल्या कित्येकांना पामरबरोबर आपलीही वर्षं दिसत असणार: लग्न नवीन होतं तेव्हाची, मूल कडेवर होतं तेव्हाची.

कधी कधी मात्र म्हातारा चक्क जिंकतोही. १९८६ साली जॅक निकलॉस ४६ वर्षांचे होते. अटलांटाच्या एका पत्रकारानं लिहिलं, की हा संपला, याच्या काठ्यांना गंज चढला. निकलॉसच्या एका मित्रानं ते कात्रण, ते उतरले होते त्या घरातल्या फ्रिजच्या दारावरच चिकटवलं! दूधवाल्याचा हिशेब आपण लावतो तसं. आठवडाभर ते नजरेसमोर. शेवटच्या दिवशी सकाळी ते पहिल्या खेळाडूपेक्षा चार फटके मागे होते. काठ्यांची पिशवी धरायला थोरला मुलगा. प्रेक्षकांत आई, जी १९५९ नंतर प्रथमच ही स्पर्धा बघायला आलेली. अंगात पिवळा शर्ट. त्यामागेही एक गोष्ट आहे. त्यांच्या चर्चमधल्या धर्मगुरूंचा मुलगा लहान वयात कर्करोगानं गेला, पिवळा त्याचा आवडता रंग. त्याच्या आठवणीत निकलॉस हा रंग घालत. पत्नी बार्बरा यांनी त्या दिवशी तोच शर्ट सुचवला. शेवटचे नऊ खळगे त्यांनी फक्त ३० फटक्यांत पुरे केले आणि एका फटक्यानं जिंकले. तिथे एवढी वयस्कर व्यक्ती आजवर दुसरी जिंकलेली नाही.

पण अशी गोष्ट शंभरात एकदा. बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय करायचं? इथेच ऑगस्टाच्या क्लबचा तोल गेला. २००२ साली त्यांनी काही ज्येष्ठ विजेत्यांना पत्रं पाठवली: आपण आता खेळू नये हे बरं. बिली कॅस्पर त्यांतले एक. शिवाय २००४ पासून पासष्टीनंतर खेळणं बंद, असंही ठरवलं. जन्मभराचं आमंत्रण देऊन मग टपालानं ते परत मागायचं! पामर आणि निकलॉस यांनी याविरुद्ध शब्द टाकला आणि २००३ मध्ये नियम मागे घेतला गेला. पामरनी २००२ सालीच ही शेवटची म्हणून सांगितलं होतं. तेही परत आले आणि पन्नास पुरी केली ती त्यानंतरच. कॅस्पर २००५ मध्ये ७३ व्या वर्षी उतरले. एका खळग्यावर १४ फटके लागले, दिवसाचे १०६ झाले. गुणपत्रिका त्यांनी दिलीच नाही; खिशात घातली आणि थांबले. लोकांना हसू आलं असेल, येवो बापडं. पण थांबले ते स्वतः.

आमच्याकडे दिवाळीला चकल्यांचा पहिला घाणा सासूबाईंचा. आता त्या ७६ च्या आहेत, हात थरथरतो. दोन वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाई काळजीनं म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा हो, तेलाची भीती वाटते." बोलणं चुकीचं नव्हतं, उकळतं तेल ते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवाळीत त्यांनी चकली तोंडात घातली नाही. पुढच्या वर्षी मात्र भाजणी भिजवली जात असताना त्याच स्वयंपाकघरात आल्या, सोऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "पाडायचं काम माझं. तळणं तुम्ही बघा. जमणार नाही तेव्हा मीच सांगेन." पहिल्या चार चकल्या वाकड्या झाल्या. नातींनी त्याच आधी उचलल्या. नणंदेला कुठली आई आठवली, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्या शाळेत तर निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ, दोन भाषणं, बटाटेवडे. आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या किल्लीची विचारणा! त्या बाईंना पुन्हा शाळेत बोलवायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

ऑगस्टात यासाठी एक छान रीत आहे. स्पर्धेचा पहिला फटका जुन्या मानकऱ्यांनी मारायचा. स्पर्धेत ते नसतात, पण त्यांच्यावाचून ती सुरू होत नाही. गुरुवारी सकाळी, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, तेवढ्यासाठी हजारो लोक पहाटेपासून येऊन उभे राहतात. २०१६ ला पामर यांच्यानं काठी उचलवेना, तर ते नुसते खुर्चीत बसले. त्याच सप्टेंबरात ते गेले. २०१७ ला ती रिकामी खुर्ची तशीच मांडली, तिच्यावर त्यांचा हिरवा कोट ठेवला, शेजारी निकलॉस आणि गॅरी प्लेयर. आलेल्या प्रेक्षकांना फौजेचे बिल्ले वाटले होते.

हे सगळं गोड गोड वाटतंय ना? मग याच क्लबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कृष्णवर्णीय खेळाडूला इथे खेळायला १९७५ साल उजाडावं लागलं. त्यांचं नाव ली एल्डर. पिशव्या उचलणारे कॅडी मात्र वर्षानुवर्षं कृष्णवर्णीयच. एल्डरना पहिल्या फटक्याच्या मानासाठी बोलावलं ते २०२१ मध्ये, तेव्हा त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की ते फटका मारू शकले नाहीत. नोव्हेंबरात ते वारले. आणि आपण बायका? २००२ साली तिथल्या महिला संघटनांनी विचारलं, की क्लबात एकही स्त्री सभासद का नाही? केवढा वाद झाला! जाहिरातदारांना त्रास नको म्हणून २००३ आणि २००४ ची स्पर्धा क्लबानं दूरदर्शनवर जाहिरातींशिवाय दाखवली, पण दार काही उघडलं नाही. म्हाताऱ्यांचा नियम वर्षभरात मागे घेता आला. बायकांसाठी २०१२ उजाडलं. कोंडोलीझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोघी. माजी परराष्ट्रमंत्री असावं लागतं तेव्हा कुठे, म्हणजे बघा!

नणंद गेली त्याच आठवड्यात, २०२५ च्या त्या शुक्रवारी, बर्नहार्ड लँगर यांचा निरोप होता. जर्मनीच्या खेड्यातला मुलगा, लहानपणी दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायचा. १९८५ आणि १९९३ ला मास्टर्स जिंकली. निरोप खरं तर २०२४ ला घ्यायचा होता, पण पायाची शीर तुटली. म्हणून वर्षभर पाय सुधारून ६७ व्या वर्षी ते उतरले. ही त्यांची एकेचाळिसावी खेप. त्यांचं कारण साधं होतं: मैदान लांब लांब होत चाललंय आणि माझा फटका आखूड. पण झालं भलतंच! दुसऱ्या दिवशी शेवटच्या खळग्यावर येईपर्यंत ते 'कट'च्या आत होते. नेमाच्या फटक्यांत चेंडू गेला असता, तर शनिवारी खेळणारे ते सर्वांत वयस्कर ठरले असते. आतापर्यंतचा मान फ्रेड कपल्स यांचा, २०२३ मधला, वय ६३. लँगर यांचा चेंडू खळग्याशेजारून गेला. एका फटक्यानं हुकलं. मी ती चित्रफीत मागाहून मोबाइलवर पाहिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत आणि घरची माणसं कडेला वाट बघताहेत.

पण कोट त्यांचाच आहे आणि जेवणही. दर वर्षी स्पर्धेच्या आधीच्या मंगळवारी जुन्या विजेत्यांची पंगत बसते, १९५२ पासून. आदल्या वर्षीच्या विजेत्यानं बेत ठरवायचा आणि खर्चही त्यानंच करायचा. टायगर वुड्स यांनी १९९८ ला बर्गर आणि मिल्कशेक दिले होते, वयच तसं होतं. लँगर यांनी १९८६ ला आपल्या मुलखाकडचं श्निट्झेल खाऊ घातलं होतं. खेळणं थांबलं तरी त्या पंगतीत त्यांचं पान आहेच.